इंग्रजीतले ‘म्हणून’ कोण शिकवणार?

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली. मुलामुलींनी सतरंजीवर वह्या उघडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी पुढे आली आणि घडी घातलेला कागद माझ्या हातात देऊन गुपचूप जागेवर जाऊन बसली. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल होता. ऐकणे ७, वाचणे ७, बोलणे ६.५ आणि लिहिणे ५.५. सरासरी साडेसहा. तिने निवडलेल्या परदेशी विद्यापीठाची अट अशी, की सरासरी साडेसहा पाहिजे आणि कोणत्याही एका भागात सहाच्या खाली चालणार नाही.

वर्ग सुटल्यावर तिने विचारले, “सर, माझं बोललेलं चालतं, वाचलेलं चालतं, मग लिहिलेलंच का चालत नाही?”

मी पस्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. या प्रश्नाचे उत्तर माझ्या जिभेवर असायला हवे होते. ते नव्हते, म्हणून हा लेखप्रपंच.

मुलगी मराठवाड्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे समाजशास्त्रात एम.ए. पहिल्या वर्गात पास. परदेश शिष्यवृत्तीला अर्ज करायचा आहे आणि वयोमर्यादा मागे लागली आहे. परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर. ती एकदा भरून झाली, आता पुन्हा भरायची. या परीक्षेत लेखनाला एक तास असतो. त्यातला दुसरा प्रश्न महत्त्वाचा. निदान अडीचशे शब्द लिहायचे, साधारण चाळीस मिनिटे, आणि पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट वजन. तिला आलेला प्रश्न असा होता: तरुण माणसे खेडी सोडून शहरात का जातात आणि त्याचे खेड्यावर काय परिणाम होतात? आता बघा, हा प्रश्न तिच्या घरचा! तरी तिथेच ती घसरली.

मी तिला आठवेल तसे उत्तर पुन्हा लिहायला लावले. सुरुवात एका क्लासमध्ये पाठ करून घेतलेल्या वाक्याने झाली. आजच्या आधुनिक जगात ही समस्या दिवसेंदिवस ज्वलंत होत आहे, अशा अर्थाचे. कोणत्याही प्रश्नाला चालणारे, म्हणून कोणत्याच प्रश्नाचे नसलेले वाक्य. पुढे ओळीने: खेड्यात रोजगार नाही. पाणी नाही. शिक्षणाच्या सोयी नाहीत. तरुण पिढी शहरात जाते. शहरात गर्दी वाढते. सरकारने लक्ष दिले पाहिजे. व्याकरणाची चूक एकही नाही आणि सगळी वाक्ये खरी. पण एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध काय, ते कुठेच लिहिलेले नाही. पाणी नसण्याचा रोजगाराशी काय संबंध? ते परीक्षकाने आपल्या मनाने ओळखायचे!

मी वही मिटवली आणि मराठीत विचारले, “बाळ, तुझा भाऊ गाव सोडून का गेला?”

ती म्हणाली, “सर, आमचं अडीच एकर. वाटण्या झाल्या तेव्हा वडलांच्या वाट्याला विहीर आली नाही. म्हणून बोअर घेतला, तो कोरडा गेला. त्याचं कर्ज फेडायचं म्हणून वडील-आई ऊसतोडीला जायला लागले. सहा-सहा महिने दोघं बाहेर, त्यामुळे जनावरं भावाच्या गळ्यात पडली आणि त्याची बारावी गेली. बारावी नाही म्हणून भरती नाही, म्हणून मग चाकणला कंपनीत कंत्राटावर लागला.”

यात चार वेळा ‘म्हणून’ आले आणि एकदा ‘त्यामुळे’. एकही कडी सुटलेली नाही. वाटणीपासून चाकणपर्यंतची ही साखळी या पोरीने अर्ध्या मिनिटात उभी केली. आमच्या पोरांना तर्क येत नाही, ती भावनेत वाहून जातात, असे म्हणणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. त्यांनी हे ऐकायला हवे होते. तर्क पोटात आहे. इंग्रजी परिच्छेदाचा साचा हातात कोणी दिलेला नाही.

हा साचा काय असतो ते सांगतो. ‘कॉज अँड इफेक्ट पॅराग्राफ’ असे त्याचे नाव. त्याची पहिली अट, की मुख्य म्हणणे पहिल्याच वाक्यात आले पाहिजे. आपली सांगण्याची रीत उलटी आहे. आपण आधी हकिकत सांगतो, माणसे आणतो, वाटणी आणतो, बोअर आणतो आणि शेवटी म्हणतो, म्हणून असे झाले. पारावर ही रीत उत्तम, कारण ऐकणारा शेवटपर्यंत बसून असतो. इंग्रजी परीक्षक न्यायाधीशासारखा निकाल आधी मागतो, पुरावे नंतर तपासतो. दुसरी अट, एका परिच्छेदाने एकच दिशा धरायची. एका परिणामाची अनेक कारणे सांगायची, नाहीतर एका कारणाचे अनेक परिणाम, नाहीतर कारणातून परिणाम आणि त्या परिणामातून पुढचा परिणाम अशी साखळी. तिन्ही एकाच परिच्छेदात कोंबले की गोंधळ होतो. आमच्या मुलीने कारणे आणि परिणाम एकाच दमात सांगून टाकले होते.

आता वाक्याकडे येऊ. इथे आपली मायबोलीच पाय ओढते आणि हे शाळेत कोणी सांगत नाही. मराठीत ‘जरी’ आले की ‘तरी’ येणारच. सरकारी आदेशात ‘ज्याअर्थी’ आले की ‘त्याअर्थी’ येतेच. आपली भाषा जोडीने चालते. इंग्रजीत एका वाक्यात एकच जोडशब्द पुरतो. आपली मुले ‘ऑल्दो’ लिहून पुन्हा ‘बट’ लिहितात, ‘बिकॉज’ लिहून पुन्हा ‘सो’ लिहितात. ही अज्ञानातून झालेली चूक नव्हे, ते डोक्यातले मराठी आहे. तसेच ‘कारण’चे. मराठीत “शाळा बंद पडली. कारण शिक्षकच नव्हते.” असे पूर्णविराम देऊन लिहिलेले खपून जाते. इंग्रजीत ‘बिकॉज’पासून सुरू झालेला तुकडा एकटा उभा राहू शकत नाही. तो मागच्या किंवा पुढच्या वाक्याला जोडावाच लागतो.

मराठीत ‘मुळे’ हा फार सोयीचा शब्द आहे. दुष्काळामुळे, तो आल्यामुळे, शाळा नसल्यामुळे, कशालाही चिकटतो. इंग्रजीत मात्र ‘बिकॉज’च्या पुढे पूर्ण वाक्य लागते, कर्ता आणि क्रियापद असलेले. ‘बिकॉज ऑफ’ आणि ‘ड्यू टू’च्या पुढे फक्त नाम. ‘लीड टू’च्या पुढेही नाम, नाहीतर क्रियापदाचे ‘आयएनजी’ रूप. ‘लीड टू लूज’ असे लिहिले की गुण गेले. ‘देअरफोर’ आणि ‘कॉन्सिक्वेंटली’ हे दोन वाक्यांच्या मध्ये येतात तेव्हा त्यांच्या आधी नुसता स्वल्पविराम चालत नाही. पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो, आणि त्यांच्या नंतर स्वल्पविराम. सगळ्यात फसवे म्हणजे ‘रिझल्ट इन’ आणि ‘रिझल्ट फ्रॉम’. पहिल्यात कारण आधी येते, दुसऱ्यात परिणाम आधी. एक छोटासा शब्द चुकला की ‘कर्जातून स्थलांतर झाले’ याचे ‘स्थलांतरातून कर्ज झाले’ होते. ‘अफेक्ट’ बहुतेक वेळा क्रियापद, ‘इफेक्ट’ बहुतेक वेळा नाम, हे तर प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावे.

एवढे केले की व्याकरण सुधारेल. पण परिच्छेद तरीही पोकळ राहू शकतो. मी एम.ए.ला असताना माझ्या पहिल्याच निबंधावर एका प्राध्यापकांनी लाल शाईने एकच शब्द लिहिला होता: ‘हाउ?’ मी लिहिले होते, की जातिव्यवस्थेमुळे शिक्षण नाकारले गेले. कोणाला शंका आहे? त्यांनाही नव्हती. त्यांना हवे होते, की कसे. कोणत्या वाटेने कारण परिणामापर्यंत पोचले. मला तेव्हा राग आला. हा माणूस मुद्दाम डिवचतो आहे असे वाटले. पुढे बाबासाहेबांचा एक निबंध वाचला आणि माझा राग ओसरला.

९ मे १९१६. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर एक निबंध वाचतात. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून येतो. नाव, ‘कास्ट्स इन इंडिया: देअर मेकॅनिझम, जेनेसिस अँड डेव्हलपमेंट’. त्यातला ‘मेकॅनिझम’ हा शब्द बघा. म्हणजे यंत्रणा. म्हणजेच ‘कसे’! माझ्या प्राध्यापकांनी लाल शाईने जे विचारले ते बाबासाहेबांनी मथळ्यातच लिहून ठेवले होते.

त्यांनी काय केले? जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, हे आधी ठरवले. मग विचारले, हे टिकवायचे तर काय करावे लागेल? जातीतल्या लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या सारखी ठेवावी लागेल. पण माणसे मरतात. नवरा मेला की बाई जादा होते, बायको मेली की पुरुष जादा होतो. जादा माणूस जातीबाहेर जोडीदार शोधणार आणि जात फुटणार. म्हणून जादा बाईला एकतर नवऱ्याबरोबर जाळायचे, नाहीतर सक्तीचे वैधव्य द्यायचे. जादा पुरुषाला, त्याचा दर्जा मोठा म्हणून, जाळता येत नाही, तेव्हा अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून त्याला बायको द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चाली अशा एका मुळाशी आणून बांधल्या. या चालींचा गौरव का केला गेला हे सांगणारे पुष्कळ होते. त्या मुळात निघाल्या का, हे सांगणारे कोणी नाही, हेही त्यांनी तिथेच दाखवून दिले. गौरवाचे कारण आणि जन्माचे कारण ही दोन वेगळी कारणे आहेत! परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक पोराने हा निबंध इंग्रजीतून वाचावा आणि पेन्सिलीने प्रत्येक ‘कारण’खाली एक रेघ, प्रत्येक ‘परिणाम’खाली दोन रेघा ओढाव्यात. आमच्या वर्गात आम्ही हेच करतो.

दुसरा नमुना १९१८ सालचा, शेतीच्या लहान तुकड्यांवरचा. भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर त्यांनी इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. तेव्हाच्या जाणकारांचे म्हणणे होते, की जमिनीचे तुकडे लहान आणि विखुरलेले म्हणून शेती तोट्यात. उपाय काय, तर तुकडे एकत्र करा, मोठे करा. बाबासाहेबांनी बाण उलटा फिरवला. लहान तुकडा हे मूळ दुखणे नाही, ते दुसऱ्या दुखण्याचे लक्षण आहे. शेतीबाहेर काम नाही, म्हणून सगळा भार जमिनीवर. भार जमिनीवर, म्हणून तुकडे पडतात आणि शेकडो हात रिकामे राहतात. शिवाय तुकडा किफायतशीर आहे की नाही हे एकरावर ठरत नाही, त्यावर भांडवल, अवजारे आणि श्रम किती लागतात यावर ठरते. तेव्हा उपाय उद्योगधंदे वाढवण्यात आहे. आमच्या मुलीचे अडीच एकर आणि भावाचे चाकण डोळ्यांपुढे ठेवून हा लेख वाचा. शंभर वर्षे उलटून गेली, तरी शाई वाळलेली वाटत नाही. मात्र उद्योग आला आणि नोकरी कंत्राटी राहिली, तर पुढची साखळी कशी जाते, तो परिच्छेद आताच्या पिढीने लिहायचा आहे.

परिणामालाच कारण समजणे ही फार मोठी चूक असते आणि ती आपल्यावर रोज केली जाते. वस्ती गलिच्छ म्हणून नळ देत नाहीत, की नळ नाही म्हणून वस्ती गलिच्छ? पोरे मागे पडतात म्हणून त्यांना मागच्या बाकावर बसवतात, की मागे बसवल्यामुळे ती मागे पडतात? जो हा प्रश्न इंग्रजीत नीट मांडू शकत नाही, त्याच्या वतीने दुसरा कोणीतरी तो मांडतो आणि बाण आपल्या सोयीने फिरवतो. अहवाल इंग्रजीत, शोधनिबंध इंग्रजीत, उच्च न्यायालयातले युक्तिवाद बहुतेक इंग्रजीत. म्हणून या एका परिच्छेदासाठी मी एवढा कागद खर्च करतो आहे.

साखळीची रीत तर आपल्याला परकी नाहीच. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभी विद्येच्या अभावापासून मती, नीती, गती, वित्त असे एकेक खाली उतरवत शूद्रांच्या खचण्यापर्यंत नेलेले सर्वांना तोंडपाठ आहे. १८८३ सालचे ते लिखाण आहे. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी हंटर आयोगाला इंग्रजीत निवेदन दिले. कर कष्टकरी रयतेकडून येतो, खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, ते शिक्षण खाली झिरपत नाही आणि परिणामी सरकारी जागा एकाच वर्गाच्या हातात राहतात, असा तो मुद्दा. आणि आम्ही बसतो कुठे? बुद्धमूर्तीसमोर. तथागतांनी दुःख सांगितले, दुःखाचे कारण सांगितले, कारण गेले की दुःख जाते हे सांगितले आणि ते कसे घालवायचे तो मार्ग सांगितला. प्रतीत्यसमुत्पाद ऐकत वाढलेल्या पोरांना कारण-परिणामाची भीती वाटावी, ही आम्हा शिक्षकांची नामुष्की आहे.

साखळीत एक धोका मात्र आहे. कडी जितकी लांब, तितकी ती तुटण्याची शक्यता जास्त. फुल्यांची साखळी टिकते, कारण पाठीमागे सबंध ग्रंथ पुराव्याने भरलेला आहे. अडीचशे शब्दांत तीन कड्या पुष्कळ झाल्या.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना आवडणार नाही, तरी लिहितो. आपल्याला ‘च’ची सवय आहे. “यालाच जबाबदार”, “हेच एकमेव कारण”. व्यासपीठावर त्याला टाळ्या पडतात, मीही घेतल्या आहेत. विद्यापीठाच्या इंग्रजीत ‘एक प्रमुख कारण’, ‘हातभार लावतो’, ‘शक्यता वाढते’ असे मोजून बोलावे लागते. ‘कॉन्ट्रिब्यूट्स टू’, ‘टेंड्स टू’, ‘इज लाइकली टू’. आमच्या वर्गातला एक मुलगा चिडून म्हणाला, “सर, हा भित्रेपणा झाला.” मी त्याला म्हटले, डॉक्टर ‘मलेरिया असावा’ म्हणून रक्त तपासायला पाठवतो, तो भित्रा असतो का? जेवढा पुरावा तेवढेच वाक्य. आधी एक घडले, नंतर दुसरे घडले, म्हणून पहिले दुसऱ्याचे कारण होत नाही. पण तो मुलगा अगदीच चुकला होता असेही नाही. मोजून बोलता बोलता माणूस गायब करण्याची कला इंग्रजीत फार. ‘जमीन गेली’, ‘प्रवेश नाकारला गेला’. कोणी नाकारला? असे कर्मणी वाक्य आले की मी वहीवर ‘बाय हूम?’ लिहितो.

मग हे शाळेत का शिकवत नाहीत? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. कर्ज काढून पोरे इंग्रजी शाळेत घालणारे आईबाप आपल्या वस्तीवस्तीत आहेत. पण परीक्षा गाइडातून सुटते. निबंध पाठ, पत्र पाठ, उतारा पाठ. स्वतःचा परिच्छेद एकदाही न लिहिता मूल पदवीधर होते. चाळीस मुलांचे परिच्छेद घरी नेऊन तपासायचे म्हणजे शिक्षकाची रात्र जाते. मीही नोकरीत असताना कित्येक वर्षे ते टाळले, हे कबूल करतो. ज्या घरात आईबाप इंग्रजीत लिहितात त्या घरातल्या मुलाला ही रात्र घरीच मिळते. बाकीच्यांना ती कोण देणार?

ओघात आले म्हणून सांगतो. २०२२ साली केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. त्या नियमाने ‘कास्ट्स इन इंडिया’ लिहायला निघालेल्या विद्यार्थ्याला ती शिष्यवृत्ती मिळाली नसती. या कारणाचे परिणाम काय होतील, हा वर्गाला दिलेला गृहपाठ आहे. सहा परिच्छेद आले, त्यातले दोन छापण्याजोगे आहेत.

त्या मुलीने आठवडाभरात चार खर्डे केले. चौथ्याची सुरुवात अशी आहे: कोरडवाहू गावांतून तरुण बाहेर पडण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे पाण्यासाठी काढलेले कर्ज. पुढे, बोअर कोरडा गेला की ते कर्ज शेतीतून फिटत नाही. त्यामुळे आईवडील हंगामी मजुरीसाठी बाहेर जातात. परिणामी घरची जबाबदारी थोरल्या मुलावर पडून त्याचे शिक्षण सुटण्याची शक्यता वाढते. मग दुसऱ्या परिच्छेदात खेड्यावरचे परिणाम. पाठ केलेले वाक्य गेले होते. एका ‘लीड टू’ची चूक राहिली, ती तिनेच शोधली.

वही परत देताना मी म्हटले, आता ठीक आहे. ती उठली नाही.

“सर, एक कारण मी लिहिलंच नाही,” ती म्हणाली. “माझ्या एम.ए.ची फी होती. भाऊ त्याच वर्षी गेला. ते कारणात धरायचं की परिणामात?”

मी म्हटले, परीक्षेत घरचे सांगायची सक्ती नाही, हवे तर घाल, नको तर राहू दे. तिने थोडा वेळ विचार केला, आणि वहीच्या शेवटच्या पानावर, परिच्छेदाच्या बाहेर, ते एक वाक्य इंग्रजीत लिहून ठेवले. ‘बिकॉज’च्या पुढे पूर्ण वाक्य होते, कर्ता आणि क्रियापद असलेले. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.